हौसेला मोल नाही



पोस्टिंगची ऑर्डर हातात पडली की फौजी माणूस घरातल्या वस्तूंकडे वजनाच्या हिशेबाने बघायला लागतो. काय काळ्या पेट्यांत जाईल, काय गावी जाईल, काय शेजाऱ्याला द्यायचं. दर दोन-तीन वर्षांनी हे चालतंच. पण २०२३ च्या मार्चमध्ये रायपूरहून निघायची ऑर्डर आली तेव्हा आमच्या क्वार्टरबाहेर एक वस्तू अशी उभी होती की ती कुठल्याच पेटीत मावणार नव्हती. २००९ सालची फोर्स ट्रॅव्हलर, जिच्यात आधीच्या मालकाने पलंग, ओटा, सिंक, कपाटं बसवून चाकावरचं घर केलं होतं.

मी ईएमईचा. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, ट्रेनिंग सिकंदराबादच्या १ ईएमई सेंटरला. रायपूरला मात्र एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून होतो. ज्यांनी एनसीसी पोस्टिंग केली आहे त्यांना सांगायला नको: परेड आणि कॅम्प सोडले तर संध्याकाळी घरी जेवायला मिळतं, बायको-मुलं बरोबर असतात. इतक्या वर्षांनी असं सुख मिळालं आणि मी थोडा शेफारलो. २०२१ च्या दिवाळीनंतर चार लाख दहा हजाराला ही गाडी घेतली. हिला आणि मुलीला छत्तीसगड दाखवायचा म्हणून.

आता गाडीविषयी थोडं. आपण मराठी माणसं कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द एका जर्मन कंपनीचा. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली. १९८७ मध्ये तिने ट्रॅव्हलर आणली आणि २००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. ट्रॅव्हलरचा सांगाडा मर्सिडीजच्या व्हॅनवरून घेतलेला, आणि इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेलच्या वंशातलं. साधं, जड, दणकट. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. टायमिंगला पट्टा नसून चेन. डिझेलचा पंप यांत्रिक, ज्याला मिस्त्री लोक अजून मायको पंपच म्हणतात. असं इंजिन मला झोपेतही खोलता येतं. आणि तिथेच मी फसलो. घेताना सगळा वेळ इंजिनाकडेच कान लावून उभा राहिलो.

दीड वर्ष मजेत गेलं. सिरपूर, बारनवापारा, मैनपाट. पण फेब्रुवारीत चित्रकोटचा धबधबा बघून परत येताना केशकालच्या घाटात, बारा वळणांपैकी कुठल्यातरी वळणावर, मागून ‘कट्’ असा आवाज आला. पुढच्या वळणावर पुन्हा. हिने विचारलं, “काय झालं हो?” मी म्हटलं, “भांडी हलली असतील.” पण मला माहीत होतं, भांड्यांचा आवाज असा नसतो.

ऑर्डर आल्यावर गाडी भनपुरीला नेली. ज्यांनी रायपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: शहरातून बिलासपूर रस्त्याला लागलं की खमतराईच्या पुढे भनपुरी येते. रोलिंग मिल, लोखंडाचे व्यापारी, सळ्यांनी भरलेले ट्रक, आणि त्या ट्रकांवर जगणारी वर्कशॉपं. जवळच रावांभाठ्याला ट्रान्सपोर्ट नगर. पाटेवाला, रेडिएटरवाला, डेंटर, लेथवाला, टायरवाला, सगळे एकमेकांना हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. पुढे उरला आणि सिलतरा इथले लोखंडाचे कारखाने. त्यांची काळी भुकटी सकाळी बॉनेटवर बोट फिरवलं की बोटाला लागते. जिथे लोखंड तयार होतं तिथेच लोखंड दुरुस्त करणारा चांगला माणूस मिळतो, असा माझा अंदाज होता आणि तो खरा निघाला.

एका ट्रक बॉडीच्या वर्कशॉपमध्ये साठीच्या पुढचे एक वेल्डर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि अर्धा किलोची हातोडी घेऊन खाली उतरले. चासीच्या लांब बीमवर पुढून मागे ठोकत निघाले. ठण, ठण, ठण. मागच्या डाव्या चाकापाशी आवाज बदलला. थप. त्यांनी पुन्हा ठोकलं. थप. मग माझ्याकडे न बघताच छत्तीसगढीत म्हणाले, “लोहा घलो गोठियाथे, साहब.” लोखंडसुद्धा बोलतं.

मान खाली घालायची वेळ होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या चासीवर मी हातोडी ठोकली. स्वतः गाडी घेताना मात्र पडदे, दिवे आणि पलंगाखालचे ड्रॉवर बघून हरखलो आणि हातोडी विसरलो.

सगळं लाकूडकाम उचकटलं तेव्हा कारण दिसलं. सिंकच्या सांडपाण्याची नळी जमिनीतून खाली काढली होती, पण बीमच्या बाहेर न काढता नेमकी बीमवर सोडली होती. वर अठरा एमएमचं प्लायवूड, त्याखाली फोमचा थर. पाणी गळायचं, फोम ते धरून ठेवायचा, आणि लोखंड बारा महिने ओलं. त्यावर गाडी विकण्याआधी कुणीतरी खालून जाड काळा कोट मारला होता. काळा कोट कोरड्या, साफ लोखंडावर मारला तर तो रक्षण करतो. गंजावर मारला तर ओल आतच कोंडतो आणि बाहेरून सगळं नवं दिसतं. स्क्रूड्रायव्हर दाबला तर पापड मोडावा तसा पत्रा मोडला.

शिवाय वजन. प्लायवूडची एक आठ बाय चार शीट तीस किलोच्या पुढे जाते, आणि आत अशा सहा. पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो. इन्व्हर्टरची बॅटरी जवळपास साठ किलो. हे सगळं डाव्या बाजूला, कारण उजवीकडे पलंग होता. सुताराने खोली सजवावी तशी गाडी सजवली होती. खोली घाटात वळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. डाव्या मागच्या पाट्यांची कमान बसली होती आणि एक पाटा तुटला होता. केशकालचा ‘कट्’ तो.

त्याच दुपारी एक दलाल आला. भनपुरीत गाडी उघडी पडली की दलालाला वास लागतो. माणूस वाईट नव्हता, चहा त्यानेच पाजला. म्हणाला, “फौजी भाई, फळ्या परत ठोका, वरून काळा कोट मारा, गाडी धुऊन द्या. आजकाल पोरं असल्या गाड्यांच्या मागे वेडी आहेत. साडेतीन लाखाला मी काढून देतो, माझे दहा हजार.” म्हणजे तीन लाख चाळीस हजार हातात, आणि दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्य.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने काही थोर उत्तर दिलं असं लिहिलं तर खोटं होईल. मुलगी बारावीला होती, साताऱ्याला कॉलेज आणि हॉस्टेल दोन्हीचे पैसे जूनमध्ये भरायचे होते. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “तुम्ही काय करणार ते मला माहीत आहे. फक्त जूनपर्यंत फी कुठून आणणार तेवढं सांगा.”

त्या रात्री झोप आली नाही. मला फसवलं गेलं होतं. आता फक्त पुढच्याला फसवायचं होतं, आणि गाडीच्या धंद्यात ते इतकं सोपं की त्याला कुणी फसवणूक म्हणतही नाही. पण घाटात माझ्या शेजारी ही बसली होती, मागे मुलगी झोपली होती. पुढच्याच्या गाडीतही कुणीतरी झोपणार होतं. पहाटे उठलो आणि वर्कशॉपमध्ये शिकवलेल्या पद्धतीने एका कागदावर इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहायला बसलो.

फौजेत गाडीसाठी एक शेरा असतो: बीईआर, म्हणजे बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर. दुरुस्त होत नाही असं नाही, दुरुस्ती परवडत नाही. पहिला प्रश्न तोच होता. गंज साधारण दोन फुटांच्या तुकड्यात आणि एका क्रॉस मेंबरवर होता, बाकी बीम ठणठणीत वाजत होता. गाडी वाचत होती. मग काम ठरवलं.

चाचांनी बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी उतरवली, आणि गंजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. आतून तुकडा बसवून वेल्ड केला, बाहेरून जाड पट्टी लावली. पट्टीची टोकं चौकोनी न ठेवता पतंगासारखी तिरकी कापली. सरळ आडव्या रेषेत वेल्ड केलं तर सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि पट्टीच्या शेजारीच पुढची भेग पडते. मी पुस्तकात वाचलं होतं. चाचांना कुणी सांगितलं ते विचारलं तर म्हणाले, तुटलेल्या ट्रकांनी सांगितलं. नवा क्रॉस मेंबर घातला. रेड ऑक्साइड मारलं, पण जोड काळ्या कोटाने झाकला नाही. तो दिसला पाहिजे, ही माझी अट.

मे महिना होता. दहानंतर पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा, म्हणून सुट्टीचे दिवस बघून सहा ते दहा असं काम चाललं. मागचे पाटे, किंगपिन. सकाळी गाडी सुरू होताना पांढरा धूर सोडायची आणि अर्धा मिनिट तीनच सिलिंडरवर थरथरायची. दलालाने त्याला ‘इंजिन गेलं’ म्हणून वीस हजार कापायचं ठरवलं होतं. खरं तर एक ग्लो प्लग मेलेला आणि एक नोझल खराब. मंडळी, जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: जे दिसतं, धूर सोडतं, आवाज करतं, ते बहुधा स्वस्तात जातं. जे काहीच बोलत नाही, त्याला ठोकून बोलतं करा.

वायरिंग बघून तर अंगावर काटा आला. बारा व्होल्टवर हजार वॉटचा इन्व्हर्टर चालवला की तारेतून ऐंशी अँपिअरच्या पुढे करंट जातो. तिथे घरच्या प्लग पॉइंटची तार वापरलेली, आणि बॅटरीपाशी फ्यूज नाही. दीड वर्ष आम्ही त्याच्यावर डोकं ठेवून झोपलो होतो. जाड तार आणि फ्यूज बसवला.

शेवटचा घोळ कागदाचा. आरसीवर नऊ सीट, गाडीत चार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठासून सांगितलं. रस्त्यात कुणी अडवत नाही म्हणून आपण निवांत असतो. पण अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेयर आला की तोच सीट मोजतो. म्हणून ट्रान्सपोर्ट नगरमधून जुन्या सीट शोधल्या आणि मूळ बोल्टांच्या जागी बसवल्या. ठोकून बसवलेली कपाटं, सिंक आणि टाकी काढली. सीटवर आडवा पसरणारा, काढघाल करता येणारा हलका पलंग ठेवला. गाडी पुन्हा कागदाप्रमाणे झाली आणि जवळजवळ तीनशे किलोने हलकी झाली.

हिशेब असा. चासी १४,०००. पाटे ७,५००. ग्लो प्लग, नोझल आणि मजुरी ९,०००. किंगपिन ५,५००. वायरिंग ४,५००. जमीन ६,०००. सीट १२,०००. एकूण ५८,५००.

आता किंमत. आपल्याकडे गाडी विकणारा असं म्हणतो: चार लाख दहाला घेतली, साठ हजार घातले, निदान चार लाख तरी मिळायला पाहिजेत. मीही आधी हाच आकडा लिहिला होता. मग खोडला. आपण काय घातलं याच्याशी घेणाऱ्याचं काही देणं-घेणं नसतं. दुरुस्तीने किंमत वाढत नाही, फक्त पडायची थांबते. आणि सजावटीचं म्हणाल तर आपली म्हणच आहे, हौसेला मोल नाही. घेताना तिचा अर्थ ‘कितीही खर्च होऊ दे’ असा असतो. विकताना तीच म्हण अक्षरशः खरी होते.

म्हणून ट्रान्सपोर्ट नगरात फिरून त्याच सालच्या साध्या ट्रॅव्हलर काय भावाने जातात ते पाहिलं. तीन लाखाच्या आसपास. तिथून सुरुवात केली. ऑगस्ट २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार, मग फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी. तिची फी एप्रिल २०२२ पासून अशा गाड्यांना पाच हजार झाली होती, वर टायर, ब्रेक, रंग. त्याचे तीस हजार वजा. चासीला जोड आहे, त्याचे पंचवीस हजार वजा. सोलर पॅनेल, बॅटरी, पंखा, काढता येणारा पलंग, म्हणजे उद्या घेणाऱ्याला स्वतंत्र विकता येईल एवढंच, त्याचे चाळीस हजार मिळवले. दोन लाख पंच्याऐंशी हजार. कागदावर तिन्ही कारणं लिहिली, बिलं टाचली, आणि वेल्डिंग चालू असतानाचे फोटो जोडले.

दोन गिऱ्हाइकं फोटो बघून परत गेली. एकाने तोंडावर विचारलं, “चासी कटी हुई है, तो बेच क्यों रहे हो?” दलाल हसला. जायला बारा दिवस उरले होते.

तिसरे आले राजनांदगावचे. आपलेच, निवृत्त नायक, घरात मराठी बोलणारे. त्या सीमेवरची ती गोड मराठी. ऐंशीच्या आईला पंढरपूर दाखवायचं होतं आणि तिला बसून लांबचा प्रवास झेपत नव्हता. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो वाचलाच नाही. चप्पल काढली, खिशातून बॅटरी काढली आणि खड्ड्यात उतरले. माझी हातोडी मागितली. ठण, ठण, ठण. जोडावर जरा वेगळा आवाज, पण ठण. वर येऊन हात पुसत म्हणाले, “हवालदार साहेब, एकच विचारतो जी. तुम्ही बायको-पोरीले घेऊन या गाडीतून केशकाल उतराल का?”

मी म्हटलं, “चला, आत्ता जाऊ.”

केशकालला काही गेलो नाही, पण सगळे बसलो आणि धमतरीपर्यंत जाऊन आलो. त्यांची आई मागे आडवी झाली होती. परत येईपर्यंत तिला झोप लागली. दोन लाख ऐंशी हजाराला ठरलं. पाच हजार त्यांनी कमी करायला लावले, ते फौजीपणाला धरूनच. विसार तिथेच दिला.

दोघंही एकाच राज्यातले, म्हणून एनओसीची भानगड नव्हती. फॉर्म २९ आणि ३०, माझ्याकडून चौदा दिवसांत आरटीओला कळवणं, त्यांच्याकडून विमा नावावर करून घेणं. हे मी स्वतः उभं राहून केलं. बदलीवर जाणाऱ्या जवानांना खास सांगतो: गाडी देऊन किल्ली दिली म्हणजे विकली असं होत नाही. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर तिचा अपघात तुमचा, तुम्ही कुठल्याही सीमेवर असा.

हिने घरी हिशेब मांडला. चार लाख दहा अधिक साडेअठ्ठावन्न हजार, वजा दोन लाख ऐंशी. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे गेले. अठरा महिन्यांनी भागले तर महिन्याला साडेदहा हजार. त्यात चित्रकोट आलं, मैनपाटच्या थंडीत पहाटे गाडीत केलेला चहा आला. दलालाचं ऐकलं असतं तर साठ हजार जास्त आले असते, हेही तिने लिहिलं, खाली दोन रेघा ओढून. फीसाठी मी एएफपीपी फंडातून पैसे काढले. ते अजून भरतोय.

निघायच्या आदल्या दिवशी चाचांना भेटायला भनपुरीला गेलो. ते एका ट्रकखाली होते. चष्मा वर करून एवढंच विचारलं, “गाड़ी बने घर गिस?” चांगल्या घरी गेली का. मी हो म्हटलं. ठिणग्या पुन्हा सुरू झाल्या.

आता मी जिथे आहे ते लिहिता येत नाही, थंड आहे एवढं पुरे. नेटवर्क आलं की कधी कधी राजनांदगावहून फोटो येतो. एक पंढरपूरचा होता, आजी चंद्रभागेच्या वाळवंटात बसलेल्या. बाकी सगळे गाडीखालचे. दर सहा महिन्यांनी ते जोड घासून पुसून त्याचा फोटो पाठवतात, खाली लिहितात, “गंज नाही जी.” गेल्या वर्षी गाडी फिटनेसला पास झाली, पाच वर्षं मिळाली. तो फोटो मी हिला पाठवला. तिचं उत्तर आलं, “बरं झालं. फंडाचा हप्ता विसरू नका.”

जय हिंद.